आज हे घरात हायत

“हॅलो? … हॅलो, कोण? … वन्सं, तुम्ही व्हय! थांबा, थांबा, हाताला पीठ हाय… हां, धरला बघा. बोला.”

अनुजानं मान वाकडी करून फोन खांद्यात दाबला आणि तव्यावरची भाकरी उलटली. चौकातल्या मेसला दुपारच्या भाकऱ्या तिच्या घरातनं जायच्या, त्यामुळं अकराच्या सुमाराला तिला फोन करायचा नाही हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नेसरीला दिलेल्या तिच्या थोरल्या नणंदेला, प्रियदर्शनीला, तर चांगलंच ठाऊक होतं. तरी फोन आला होता, आणि आवाज नेहमीपेक्षा चढा होता.

“न्हाई हो, अडचण कसली, बोला की. भाकरी चालू हाय तर चालू हाय. … काय म्हणता? … कुणाला लावला? ह्यांना? … आणि उचलला? … पहिल्या रिंगलाच? … व्हय. … व्हय, खरं बोलले ते. … हळू बोलतीया, येतंय न्हवं ऐकू? हे घरातच हायत आज.”

तिनं वाकून दारातनं बाहेर बघितलं. कृष्णात, तिचा नवरा, पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबराची वाट बघणारा माणूस बसतो तसा. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तो भट्टीवर कामाला होता. उजाडायच्या आत घर सोडायचा आणि ओव्हरटाइम करून अंधार पडल्यावर यायचा. रविवारी सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचा आणि दुपारनंतर कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर मयताला जायचा. साध्या मंगळवारी, अकरा वाजता, कदमवाडीतल्या ह्या घरात तो तिनं कधी बघितलाच नव्हता.

“आजारी रजा टाकलीया. … आजारी, व्हय. … अहो, घाबरू नका, आधी ऐका तरी! आजारी न्हाईत. … न्हाईत म्हंजे न्हाईतच. मी हात लावून बघितला की कपाळाला. गार हाय. … थर्मामीटर पण लावला. काय बी न्हाई. … खाल्लं की! दोन भाकऱ्या, आमटी, वर दही. … खोकला न्हाई. … पोट पण न्हाई. … शुगर? शुगर तुमच्याकडं भावजींना हाय वन्सं, ह्यांना कुठनं आणता?”

तिनं नवी भाकरी थापायला घेतली. एका हातानं थापायची सवय तिला फोनमुळंच लागली होती.

“मग काय सांगू? मलाच काय कळंना झालंय. … सकाळी उठले, चहा घेतला आणि साहेबाला फोन लावला. माझ्यासमोर. ‘साहेब, अंगात कणकण हाय, आज येत न्हाई.’ आणि वन्सं, आवाज कसा काढला म्हणता! बारीक. शाळेतली पोरं काढत्यात तसा. मला आधी हसू आलं, आणि मग भ्याले. … का म्हंजे? ह्या माणसानं कधी खोटं सांगून सुट्टी घेतलीया व्हय? डेंगी झाला तरी ताप उतरायच्या आधी गेल्ते. … आणि पायाला टाके पडलेले तेव्हा? बूट जाईना म्हणून चप्पल घालून गेले, तर गेटवरनं परत पाठवलं. घरी आले, सुरीनं बूट वरनं कापला, पाय आत घातला आणि परत गेले. … तुम्हाला न्हाई सांगितलं? मला तरी कुठं सांगतात. कापलेला बूट दिसला म्हणून कळलं.”

बाहेर खुर्ची करकरली. अनुजानं दाराकडं कान दिला. मग परत सगळं शांत झालं.

“हां, बोला. … आत्ता? आत्ता बसल्यात. … नुसतंच बसल्यात. टीव्ही न्हाई, फोन न्हाई. … भिंतीकडं बघत्यात. … भिंतीवर काय असणार हो, कॅलेंडर हाय. पण कॅलेंडर न्हाई बघत. खिडकीतनं उन्हाचा पट्टा पडतो न्हवं भिंतीवर, त्याच्याकडं बघत्यात. मघाशी मला हाक मारून विचारलं, ‘हे ऊन रोज हितं येतंय व्हय?’ … मी काय सांगू? म्हटलं, येतंय की रोज, मग खाली सरकतंय, दुपारचं जातंय. तर म्हणाले, ‘असं?’ … व्हय, एवढंच. ‘असं?’”

पलीकडनं बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं. अनुजानं तेवढ्यात दोन भाकऱ्या उतरवल्या.

“छे छे, भांडण न्हाई. … कारखान्यात? न्हाई हो, काढून टाकलं असतं तर साहेबाला फोन कशाला केला असता? … बाई? वन्सं, काय तरी बोलता बघा! त्या भट्टीपुढनं आलेल्या माणसाला जेवतानासुद्धा डोळं उघडं ठेवायला जमत न्हाई. … न्हाई, मी पण हसतीया. पण पावणं आल्यागत वागतात हो सकाळधरनं. भाजीवाली आली, विचारतात, ही कोण? शेजारचं लेकरू रडलं, विचारतात, हे कुणाचं? मघाशी हितं दारात उभं राहून म्हणाले, ‘एवढ्या भाकऱ्या तू उभ्यानं करतीस रोज?’ … रोज, म्हटलं. … ‘पाय दुखत असतील.’ … व्हय, असं म्हणाले.”

हे सांगताना तिचा आवाज जरा बदलला. सकाळी ते ऐकून तिला राग आला होता. इतकी वर्षं ऑर्डर चालू आहे आणि आज विचारतात. पण राग ओसरल्यावर तिनं एक स्टूल ओढून घेतलं होतं आणि थोडा वेळ बसून भाकऱ्या थापल्या होत्या. ते मात्र तिनं नणंदेला सांगितलं नाही.

“… काय? … परत सांगा, मधी कापलं. … हां. कणकण. ‘अंगात कणकण हाय’, असंच म्हणाले. का हो? … वन्सं? … हॅलो? … आवाज का असा येतोय? रडताय व्हय? … अहो, झालं काय? … कोण, मामंजी?”

अनुजानं गॅस बंद केला.

मामंजी म्हणजे जोतीराम, कृष्णातचे वडील. तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं. कृष्णात नववीत असतानाच ते गेले होते. सोप्यात दाराच्या वर त्यांचा फोटो होता, टोपी घातलेला, फोटोग्राफरवर रागावल्यासारखा चेहरा. ते सूतगिरणीत होते आणि झोपेत गेले, एवढं तिला लग्नानंतर कुणीतरी सांगितलं होतं. त्यापुढं विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं, आणि कृष्णात तर वडिलांचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचा.

“झोपेत गेले, एवढंच माहीत हाय मला. … सुट्टी? … कधीच न्हाई? … सगळ्या नोकरीत एकदाच… … त्याच दिवशी? … सकाळी गिरणीत निरोप धाडला, अंगात कणकण हाय म्हणून… आणि संध्याकाळी… … अगं बाई. … न्हाई वन्सं, शपथ. मला कुणी सांगितलं न्हाई. … तुम्ही कुठं होता? … कुरुंदवाडला, मामाकडं. … व्हय. … मग येईपर्यंत सगळं… … व्हय. … रडू नका हो. असं काय नसतं. अहो, एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं होतं व्हय? … न्हाई, मी घाबरले न्हाई. मी कशाला घाबरू?”

पण पिठाचे हात पुसायचंही तिला सुचलं नाही. सकाळपासून कोड्यासारखं वाटत होतं, त्याचं आता भलतंच काहीतरी झालं. माणसाला आधी कळतं म्हणतात. कळतं म्हणून तो घराकडं असा बघत बसतो का? हे ऊन रोज येतं का म्हणून विचारतो का?

“उठले! … वन्सं, उठले ते. … आतल्या खोलीत गेले. … कपाट उघडल्याचा आवाज आला. … थांबा, दिसंना. … वाकळ काढलीया. … वाकळ हो, तुमच्या आईनं, आत्यांनी शिवलेली, जुनी. … काय माहीत कशाला! … बाहेर चालल्यात. अहो… अहो, कुठं? … बोलले न्हाईत काय. जिन्यानं वर गेले. गच्चीवर. … व्हय, जाते, जातेच हाय. फोन ठेवू नका.”

ती अनवाणीच जिना चढली. वरच्या दारापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि पलीकडनं नणंदेचाही श्वास ऐकू येत होता, जणू तीही नेसरीत कुठला तरी जिना चढत होती.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत वाकळ अंथरली होती. कृष्णात तिच्यावर उताणा पडला होता. डोळे मिटलेले. हात पोटावर.

“झोपल्यात. … टाकीपाशी. … काय माहीत. हलत न्हाईत. … श्वास हितनं दिसंना वन्सं, शर्ट ढगळ हाय. … हाक मारू? … अहो. … अहो, ऐकलं का? … न्हाई देत ओ. … थांबा. थांबा, जवळ जाते. तुम्ही रडू नका, मला काय सुधरंना होतं. … अंबाबाई, अंबाबाई…”

ती त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली. चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून तिनं सरळ छातीवर तळवा ठेवला.

“पीठ लावलंस की,” कृष्णात डोळे न उघडताच म्हणाला.

“हायत!” अनुजा ओरडलीच. “हायत वन्सं! बोलले! … म्हणाले, पीठ लावलंस! … व्हय, हो, तेच! ठणठणीत हायत! … द्या शिव्या, मी पण देणार हाय.”

कृष्णात कोपरावर उठून बसला. “कोण, आक्का?”

“आक्काच. तिकडं रडून अर्धी झाली बिचारी. आणि हिकडं मी. हाकेला ओ द्यायला काय झालेलं?”

“झोप लागती का बघत हुतो. बोललो असतो तर गेली असती.”

“आता मला सांगा,” ती खालीच फतकल मारून बसली. फोन कानाला नव्हता, मांडीवर होता, पण चालूच होता. “काय झालंय? सकाळधरनं विचारतीया. खरं सांगा, नाहीतर मी ह्या गच्चीवरनं उठणार न्हाई. तुमची आक्का पण फोन ठेवणार न्हाई.”

त्यानं शेजारच्या गच्चीवरच्या दोरीकडं बघितलं. वाळत घातलेल्या साड्या हलत होत्या.

“मी झोपलो हुतो,” तो म्हणाला.

“आत्ता?”

“न्हाई. भट्टीपुढं. मागच्या शुक्रवारी.”

अनुजाला नीट कळलं नाही. तो हळूहळू सांगत गेला. भट्टीतनं वितळलेलं लोखंड मोठ्या डोलात घ्यायचं आणि साच्यात ओतायचं, हे काम तो आणि दस्तगीर मिळून करत. दोन माणसं काम सोडून गेली होती, त्यांच्या वाटणीचं ह्या दोघांवर आलं होतं. शुक्रवारी डोल भरत होता आणि दोघं बोलत उभे होते.

“दस्तगीर म्हणतो, मी त्याच्याशी बोलत हुतो. डोळं उघडं हुतं. बोलता बोलता मी पाय उचलला आणि सरळ डोलाकडं चालायला लागलो. त्यानं मागनं शर्ट धरून ओढलं. शर्ट टरकला. अनु, मला ह्यातलं काय बी आठवत न्हाई. मला डायरेक शर्ट फाटलेला आठवतोय.”

“मशीनला अडकला म्हणाला होता तुम्ही. मीच शिवला की तो.”

“काय सांगणार हुतो तुला?”

तिनं त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

“काल सुटताना दस्तगीरनं गेटवर अडवलं. म्हणाला, उद्या हितं दिसलास तर साहेबाला सगळं सांगतो. तुला मरायचं असंल तर मर, पण मला माझ्या डोळ्यानं बघायला लावू नकोस. जा, घरी जा आणि झोप. म्हणून आज…” तो कसनुसं हसला. “आणि झोपच येईना. अकरा वाजता घरात कसं झोपत्यात, त्याची सवयच न्हाई. म्हणून बसलो आपला घर बघत.”

अनुजानं फोन कानाला लावला.

“ऐकलं वन्सं? … व्हय. … व्हय. … न्हाई हो, मला पण आत्ताच. … दस्तगीरच्या घरी जाऊन पाया पडले पाहिजे त्याच्या. … हां, सांगते.” ती कृष्णातकडं वळली. “वन्सं म्हणत्यात, आधी डॉक्टर, मग चार दिवस नेसरी. आणि म्हणत्यात… तुमच्या अण्णांनी, मामंजींनी पण असंच केलेलं. तोच शब्द बोलले होते म्हणे, कणकण. म्हणून भ्यायल्यात.”

“माहीत हाय,” कृष्णात म्हणाला. “मी हुतो की घरात.”

अनुजा फोनकडं वळली.

“… वन्सं, ते म्हणत्यात, ते होते घरात. … त्या दिवशी. … शाळेला गेले न्हवते. … न्हाई, मला काय विचारता, मला पण नवीन हाय! … विचारते. … अहो, वन्सं विचारत्यात, तू कसा घरात? तुझी तर शाळा होती.”

“गणिताची चाचणी हुती. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आईला. आई बाजाराला गेली आणि बघतोय तर अण्णा अंथरुणात उठून बसल्यात, माझ्याकडं बघून हसत्यात. ते बी खोटं आजारी, मी बी खोटा आजारी.”

“… वन्सं, आता तुम्हीच बोला. माझ्याच्यानं हे मधल्यामधी न्हाई व्हायचं. … देते. घ्या, धरा.”

कृष्णातनं फोन घेतला आणि परत वाकळेवर आडवा झाला. अनुजा टाकीला पाठ टेकून बसली. आता तिला फक्त त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“हां, आक्का. … बरा हाय गं. … अगं बरा हाय म्हटलं न्हवं. … व्हय, हुतो. दिवसभर. … लपवलं न्हाई काय. कुणी विचारलंच न्हाई मला. तू आलीस तेव्हा जो तो रडत हुता, मग बाराव्याची गर्दी, मग मी शाळेला जायला लागलो. … आता विचारतीयास तर सांगतो की. … सगळं? … बरं, सगळं.

“सकाळी सायकल धुतली आम्ही. … अण्णांनीच. मी चेनला तेल दिलं. … दमल्यागत न्हाई वाटले. शीळ वाजवत हुते. … अण्णा, अण्णा! शीळ! … मला तरी कुठं माहीत हुतं त्यांना येती म्हणून. … कुठलं गाणं ते न्हाई आठवत. गाणं नसंल बी. नुसतीच शीळ.

“… मग पिठलं केलं. … त्यांनीच. मला म्हणाले, तू फक्त ढवळ. गुठळ्याच गुठळ्या, आणि मीठ असलं पडलं की तोंडात धरवंना. … अगं ऐक की. एक घास खाल्ला आणि म्हणाले, ‘प्रिया असती तर मीठ बरोबर पडलं असतं.’ … असंच म्हणाले. … माझं नाव न्हाई घेतलं, तुझं घेतलं. … आक्का? … हसतीयास का रडतीयास? … दोन्ही. बरं.”

अनुजानं तोंडावर पदर धरला. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्याशी एवढं सलग कधी बोलला नव्हता. तिनंही कधी काही विचारलं नव्हतं. डबा भरू का, पाणी तापवू का, कधी येणार. एवढंच. आज ही गच्ची, हे दिवसाचं बोलणं, सगळंच परक्याच्या घरातलं असल्यासारखं तिला नवं वाटत होतं, आणि पुढं काय सांगतो ह्याची तिला नणंदेइतकीच ओढ लागली होती.

“… बोलणं? बोललो की लई. मला विचारलं, वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतो? म्हटलं, तौसीफ. म्हणाले, त्याच्या घरी कोण कोण हाय? मला कुठं माहीत! तर म्हणाले, ‘शेजारी बसतोस आणि माहीत न्हाई? विचार की लेका.’ … व्हय. दुसरं काय न्हाई, असंच. आवडता मास्तर कोण, शाळेत पाणी कुठं पितोस, असलंच.

“… दुपारी लिंबाखाली झोपलो. वाकळ टाकली, दोघं एकाच वाकळंवर. ऊन सरकलं की अण्णा उठायचे आणि वाकळ ओढायचे सावलीला, माझ्यासकट. मी जागा असायचो, पण उठायचो न्हाई. ओढू देत हुतो. … लई मजा यायची.

“… न्हाई आक्का. दुखतंय म्हणाले न्हाईत. छाती बी धरली न्हाई. दिवाबत्तीच्या वेळंला म्हणाले, जरा पडतो. … व्हय. … एवढंच. … तुला वाटतंय तसं तळमळले न्हाईत ते. मी हुतो की तिथंच. … मला त्या दिवसाचं वाईट वाटत न्हाई बघ. संध्याकाळचं वाटतंय. पण दिवस लई चांगला हुता. तसला दिवस परत न्हाई आला आमच्यात…”

पुढं आक्का बोलत असावी. कृष्णात नुसता हुंकार देत राहिला.

“हां… व्हय… येतो की… हां… काजू? … व्हय… हां…”

दोन हुंकारांमधलं अंतर वाढत गेलं. मग हुंकार आलाच नाही. फोन त्याच्या गालावरनं घसरून वाकळेवर पडला आणि त्यातनं बारीक आवाजात ‘किस्ना, किस्ना’ अशी हाक येत राहिली. अनुजानं फोन हळूच उचलला आणि चार पावलं लांब जाऊन कानाला लावला.

“वन्सं, मी. … झोपले. … न्हाई हो! घाबरू नका, चांगले घोरायल्यात. … खरंच. ऐकवू? … थांबा.”

तिनं परत जाऊन फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. घोरणं तसं मोठं होतं. रात्री ह्याच आवाजानं तिची झोप मोडायची आणि ती त्याला कुशीवर वळवायची.

“आलं ऐकू? … मग! … पुरे आता? … आणखी थोडं? बरं, ऐका.”

ती तशीच फोन धरून वाकून उभी राहिली. कंबर भरून आली तेव्हा सरळ झाली.

“झालं समाधान? … डोळं पुसा आता. … हां, डॉक्टरकडं आज संध्याकाळीच नेते. … आणि भट्टीवर परत न्हाई पाठवणार, चौघांचं काम दोघांवर असंल तर न्हाईच. दस्तगीरला सांगते, दोघं मिळून जा साहेबाकडं आणि झालेलं खरं सांगा. … व्हय, बोलणार न्हाईत हे, मला माहीत हाय. म्हणून मीच सोबत जाते गेटपर्यंत. … लाजायचं काय त्यात? … थांबा वन्सं. ह्यांच्या खिशात फोन वाजतोय. … थरथरतोय नुसता. … काढला. … कारखान्याचा हाय. सुपरवायझर. … काय करू? … उचलू म्हणता? … बरं. तुम्ही चालूच राहा.”

एक फोन एका कानाला, दुसरा दुसऱ्या कानाला धरून अनुजा गच्चीच्या कठड्यापाशी गेली.

“हॅलो? … न्हाई साहेब, मी त्यांची मिसेस बोलतीया. … झोपल्यात. … व्हय, आत्ताच. … उठवून देऊ?”

तिनं मागं वळून बघितलं. कृष्णातनं झोपेत कूस बदलली होती आणि गुडघे पोटाशी घेतले होते. शर्टावर छातीपाशी तिचा पिठाचा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट.

“न्हाई साहेब. … न्हाई, उठवणार न्हाई मी. … किती अडलं असंल तरी. आजारी माणूस झोपलाय. … संध्याकाळी पण न्हाई. उद्या पण न्हाई. … सर्टिफिकेट देऊ की, डॉक्टरकडं जाणारच हाय आम्ही. … न्हाई, तापच असला पाहिजे असं कुठं हाय? … ते भेटल्यावर बोलतील. मी पण येणार हाय बोलायला. … बरं. ठेवते.”

तिनं तो फोन बंद केला, पार बंद, पडदा काळा होईपर्यंत. साहेब म्हणवणाऱ्या कुणाशी ती आजवर अशी बोलली नव्हती.

“ऐकलंत व्हय? … अहो, हळू! मोठ्यानं हसू नका, जागे होतील. … काय सांगितलं म्हंजे? हाय ते सांगितलं. … न्हाई, खोटं एक अक्षर न्हाई बोलले. … बरं, आता तुम्ही पण काय तरी खाऊन घ्या, सकाळपासनं उपाशी असणार. … मी? मी बसतीया हितंच जरा, सावली हाय. … भाकऱ्या? …”

अनुजा त्याच्या पायाशी वाकळेच्या कडेवर टेकली आणि तिनं पाय लांब केले.

“भाकऱ्या राहू दे वन्सं. मेसची पोरं आज भात खातील. … व्हय. … ठेवते.”